प्रोग्रामिंग पॅराडाइम समजावून सांगताना या चुका टाळा

गेली काही वर्षे मी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील गावांमध्ये बचत गटाच्या महिला, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर आणि बारावी झालेली मुले यांच्यापुढे संगणकाविषयी बोलत आलो आहे. प्रोग्रामिंग पॅराडाइम म्हणजे संगणकाला काम लिहून देण्याची रीत, आणि अशा रीती एकापेक्षा जास्त आहेत. सोबत येणारे नवे प्रशिक्षक दरवेळी त्याच चुका करतात, आणि त्यांतल्या दोन मी स्वतः केलेल्या असल्याने त्यांच्यावर जरा लांबवून लिहितो.

सर्वांत महाग पडलेली चूक म्हणजे इंग्रजी संज्ञेचा कोशातला अर्थ उचलून गावात नेणे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत सांगताना मी ‘इनहेरिटन्स म्हणजे वारसा’ असे म्हटले, उदाहरणाला गाय आणि तिची कालवड घेतली, आणि मागे बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने लगेच विचारले, “का हो सर, बाप जिता असताना पोराले वारसा भेटते कसा?” जिथे वारसा म्हणजे तलाठ्याकडची वारस नोंद, फेरफार आणि भावाभावांतली वाटणी, तिथे हा प्रश्न अगदी रास्त होता. उरलेला तास सातबाऱ्यावर गेला आणि दोन चुलतभावांचे आवाजही चढले. त्यातून उदाहरण मुळातच चुकीचे होते, कारण कालवडीला गुण येतात ते प्रत्यक्ष जनावरांकडून, तर प्रोग्राममधले हे नाते दोन साच्यांमधले असते: साध्या पावतीत जे रकाने आहेत ते सगळे उधारीच्या पावतीत येतात, आणि वर मुदतीचा एक रकाना वाढतो.

आता पहिल्या बैठकीत मी इनहेरिटन्सचा विषय काढतच नाही. बाजार समितीपासून सुरुवात करतो. मापारी, अडत्या आणि हमाल यांची कामे वेगळी, मापाऱ्याच्या वहीत अडत्या लिहीत नाही, वजन हवे असेल तर त्याला विचारावे लागते. ऑब्जेक्ट म्हणजे आपली वही आपल्याजवळ ठेवणारा आणि विचारले तर उत्तर देणारा असा माणूस, एवढे पहिल्या दिवशी पुरते. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्द रूढ करणारे ॲलन केसुद्धा पुढे असेच म्हणाले की खरी कल्पना वस्तूंची नसून त्यांच्यातल्या निरोपांची आहे.

दुसरी चूक दर पद्धतीला नवे उदाहरण देण्याची. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार स्लाइडमध्ये इम्परेटिव्हला स्वयंपाक, ऑब्जेक्टला मोटारगाडी आणि फंक्शनलला कारखाना असतो, आणि तीन महिन्यांचा कोर्स करून आलेल्या उत्साही मुलांना ती स्लाइड फार आवडते. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की स्वयंपाकाला एक पद्धत लागते आणि गाडीला दुसरी. म्हणून काम एकच ठेवावे. मी कापूस वेचणीची मजुरी घेतो: समजा चार बायांनी 32, 41, 28 आणि 36 किलो कापूस वेचला आणि दर किलोला 10 रुपये आहे. पाटीवर शून्य लिहून एकेक नाव घेत, आधीची बेरीज पुसून नवी लिहीत 1,370 रुपयांपर्यंत जाणे ही इम्परेटिव्ह रीत झाली. किलोंच्या रकान्यापुढे मजुरीचा नवा रकाना मांडून त्याची बेरीज करणे आणि काहीही न पुसणे ही फंक्शनल रीत झाली. प्रत्येकीचे स्वतंत्र कार्ड असून ‘तुझी मजुरी किती’ असे कार्डालाच विचारणे ही तिसरी, ऑब्जेक्टची रीत. फंक्शनल रीत अवघड असते असे सांगणाऱ्यांनी एक्सेल चालवणाऱ्या ऑपरेटरकडे पाहावे. दराचा आकडा बदलला की मजुरी आपोआप बदलावी म्हणून तो खणात सूत्र लिहितो, म्हणजे त्या रीतीचा बराचसा भाग त्याच्या हाताखालून आधीच गेलेला असतो.

फंक्शनलला नवी फॅशन म्हणू नये. इम्परेटिव्ह रीतीची फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा 1957 सालची आणि फंक्शनल विचाराची लिस्प 1958 सालची. भाषांना जाती लावू नयेत. पायथन या एकाच भाषेत तिन्ही रीतींनी लिहिता येते. ‘पॅराडाइम’ला ‘प्रतिमान’ म्हटल्याने कोणाचेही भले झालेले मी पाहिलेले नाही. मी ‘रीत’ म्हणतो. आणि ‘सर्वांत चांगली कोणती’ या प्रश्नाला पहिल्या दिवशी उत्तर देणारा प्रशिक्षक मला घाईचा वाटतो.

शेवटची चूक डिक्लेरेटिव्ह रीतीविषयी, जिथे ‘संगणक सगळे स्वतःच करतो’ असे सांगून मोकळे होतात. मी मुकादमाचे उदाहरण देतो: 30 किलोच्या वर वेचणाऱ्या बायांची नावे द्या, एवढेच त्याला सांगायचे, तो वही वरून वाचतो की खालून, हे त्याचे त्याने ठरवायचे. साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलमध्ये असेच चालते. एका बैठकीत बचत गटाच्या एका ताईंनी विचारले की मुकादमाने एखादीचे नाव गाळले तर काय करायचे. मी त्यांना आधी आपला प्रश्न पुन्हा वाचायला सांगितले. ‘30 च्या वर’ म्हटले की बरोबर 30 किलो वेचणारी बाई यादीत येत नाही, आणि त्यात मुकादमाचा काही दोष नसतो.