सरकारी रुग्णालय खासगी संस्थेला देताहेत? कोर्टात जाण्याआधीची तयारी

'खासगीकरण गरिबांच्या मुळावर येईल' एवढंच म्हणत हायकोर्टात गेलात, तर बहुधा हात हलवत परत याल. आर्थिक धोरण बरं की वाईट हे आम्ही ठरवणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००१ च्या 'बाल्को' या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीच्या खासगीकरणावरच्या निकालात सांगून ठेवलंय. पण २००३ मध्ये त्याच कोर्टाने हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमची विक्री अडवली. या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारकडे आल्या होत्या आणि तो कायदा न बदलताच विक्री चालली होती. आपल्यालाही अशीच फट शोधायची आहे.

म्हणून आधी रुग्णालय कोणाचं आणि कुठल्या कायद्याखाली चालतं ते पाहा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात, कलम ६१ खाली, सार्वजनिक रुग्णालयं चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. जागा कोणी दान दिलेली असेल तर दानपत्रातल्या अटीही वाचा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही माफ. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. ठराव, निविदा, त्यावरचे शेरे आणि कराराचा मसुदा, असं एकेक नाव घालून मागा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा 'व्यापारी गोपनीयता' पुढे केली, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पण अपिलाच्या निकालाची वाट पाहत घरी बसू नका. करारावर सह्या होऊन यंत्रं बसली की 'इतके दिवस कुठे होतात?' हा कोर्टाचा प्रश्न ठरलेला.

करार मिळाला की 'मोफत' हा शब्द शोधा, खरी मेख तिथेच असते. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोला सरकारी जमीन मिळाली ती एक तृतीयांश खाटा मोफत ठेवण्याच्या अटीवर. पुढे वाद पेटला तो मोफत म्हणजे नेमकं काय यावर: नुसती खाट, की औषधं आणि इतर साहित्यही? २००९ मध्ये हायकोर्टाने औषधांसकट मोफत असा अर्थ लावला. तुमच्या करारात ही व्याख्याच नसेल, तर तो याचिकेतला मुद्दा झाला.

सरकार 'पैसा नाही' म्हणेल. त्यावर १९९६ चा पश्चिम बंगालचा निकाल दाखवा. रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. तातडीच्या उपचारांना पैशाची सबब चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने बजावलं. मात्र रुग्णालय सरकारनेच चालवावं, असं हा निकाल म्हणत नाही. त्याला जास्त ताणू नका.

याचिकेआधी आयुक्तांना लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मागणीत 'करार रद्द करा' एवढंच लिहू नका. त्याखाली पर्यायी मागण्याही टाका: निकालापर्यंत स्थगिती, मोफत खाटांची संख्या करारात लिहून घेणं आणि आजचे केसपेपरचे दर कायम ठेवणं. बहुतेक वेळा पदरात पडतं ते यातलंच काहीतरी.