आजीचं माहेर शोधताना

वडिलांकडची वंशावळ काढणं त्या मानाने सोपं. आडनाव एक, गाव बहुधा एक, आणि जातीच्या दाखल्यासाठी एखाद्या चुलत्याने ती आधीच कागदावर मांडून ठेवलेली असते. आईकडून मागे जायला लागलात की दर पिढीला आडनाव बदलतं, गाव बदलतं आणि पुष्कळ घरांत लग्नात मुलीचं नावही बदललेलं असतं. म्हणून आई, आजी, पणजी अशा प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी हाती लागल्याशिवाय पुढे सरकू नका: तिचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि त्यांचं गाव. कचेरीतलं दफ्तर गावावारी लावलेलं असतं. गावच माहीत नसेल तर खिडकीवर विचारायचं तरी काय?

आधी माळा, मग तहसील

आमच्या आजीचं माहेर "बार्शीकडचं" एवढंच घरात ठाऊक होतं. माळ्यावरचा पितळी डबा एकदा चिंचेने घासला आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. एका अनोळखी मुलीचं नाव, पुढे "हिस लग्नात भेट", खाली एक खेडं आणि १९५१. ते अनोळखी नाव आजीचंच, लग्नाआधीचं. आम्ही खूश होऊन त्या खेड्यात दोन हेलपाटे घातले, पण तिच्या वडिलांचं नाव काही केल्या मिळेना. मग डबा पुन्हा नीट पाहिला. काठाला बारीक अक्षरांत "मामाकडून" होतं. ते गाव तिचं माहेर नव्हतंच, आजोळ होतं. एक पायरी शोधायला गेलो आणि नकळत दोन चढून बसलो होतो.

तेव्हा जुनी भांडी घासा, आणि देणाऱ्याचं नातंही वाचा. मग लग्नपत्रिका काढा. "चि. सौ. कां." नंतर मुलीचं माहेरचं नाव येतं, वडिलांचं येतं, आणि खाली "आपले नम्र"मध्ये अर्धी भावकी. पोथ्यांची पहिली-शेवटची पानं (मुलांच्या जन्मवेळा तिथे टिपलेल्या असतात), जोशीबुवांनी केलेलं टिपण, फोटोंच्या मागच्या बाजू. सगळ्याचे मोबाईलवर फोटो घ्या. मूळ वस्तू जिची आहे तिच्याकडेच राहू द्या.

कोणाला काय विचारायचं

मामापेक्षा मामीला जास्त माहीत असतं. कोणाचा आहेर काय आला, कोणाची ओटी कुठल्या लग्नात भरली, हा सगळा हिशेब तिच्याकडे. आजीची धाकटी बहीण हयात असेल तर आजच जा, आणि जमलं तर दोघींना एकत्र बसवा. एक सांगते, दुसरी खोडून काढते आणि खरं बाहेर येतं.

"घराण्याचा इतिहास सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. त्याऐवजी विचारा: वऱ्हाड कुठून निघालं? बैलगाड्या किती होत्या? कानपिळीला कोण उभा होता? पहिल्या बाळंतपणाला कुठे गेलीस? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत, त्यामुळे थोरल्या मामाची किंवा मावशीची जन्मनोंद अनेकदा आजीच्या माहेरगावच्या वहीत निघते. इतरांच्या नोंदी सासरच्या गावी शोधत बसाल, आणि हवी असते नेमकी ही माहेरची.

साल कोणालाच आठवत नाही, आपत्ती आठवतात. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. पानशेतचा पूर १९६१, बहात्तरचा दुष्काळ तर नावातच. "तेव्हा तू शाळेत होतीस की लग्न झालं होतं?" एवढं विचारलं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने साल बसतं. कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. मराठवाड्यातल्या निजामी कागदावर फसली सन असेल तर ५९०.

एक अडचण आधीच सांगतो. सातबाऱ्याचं नाव काढलंत की मामाच्या घरात चहा गार होतो. "वाटणी मागायला आलाय का?" असं कोणी तोंडावर म्हणत नाही, पण विचार तोच असतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत, सगळ्यांसमोर, नावांपलीकडे काही नको हे स्पष्ट सांगा, आणि जमिनीचे कागद शेवटी मागा. दुसरेपणाचं लग्न, पाट (म्हणजे बाईचं पुनर्लग्न), दत्तक असे विषय निघाले तर लिहून घ्या, पण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

दफ्तरात

शाळेपासून सुरुवात करा, कारण तिथे मुलगी माहेरच्या नावानेच असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यातून निर्गम उतारा मागितला की मुलीचं नाव, वडील, जन्मगाव मिळतं. जन्मतारीख १ जून असेल तर फार विश्वास ठेवू नका, ती बहुधा गुरुजींनी घातलेली असते.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये सापडतात. विदर्भात याला कोतवाल बुक म्हणतात. ही पुस्तकं बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, गाव आणि अंदाजे साल दिलं की नक्कल मिळते. पाच वर्षं अलीकडची, पाच पलीकडची अशी मागणी करा. बाळाचं नाव नसतंच, नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अशी पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. तुमचा दाखल्याशी संबंध नसला तरी पाहायला हरकत नाही.

आता जमीन. आजीच्या वडिलांच्या जमिनीचा आजचा सातबारा उतारा काढा. नावाशेजारच्या फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांकावरून मागे मागे गेलात की त्यांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद सापडते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरची नोंद असेल तर मुलींची नावंही येतात, तीही सासरच्या नावाने. जुने फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे आहेत, नसतील तर तलाठी कार्यालय किंवा तहसील. याहून मोठं घबाड म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र. भावाच्या नावे हक्क सोडणाऱ्या सगळ्या बहिणी त्यात ओळीने असतात: नाव, वय, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव. ज्या कागदाने त्यांचा वाटा गेला, त्याच कागदावर त्या एकत्र भेटतात.

वाचताना अडू नये म्हणून: "बिन" आणि "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम", "जौजे", "भ्र." म्हणजे अमक्याची बायको. "बेवा" म्हणजे विधवा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती, आणि ही पुष्कळदा आई असते, म्हणजे एका बाईचं नाव फुकटात मिळतं. घरात जमीनच नव्हती तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, पाहा.

गावांचे जिल्हे बदलले आहेत हेही ध्यानात असू द्या. १९८१ पूर्वीचं कुडाळ रत्नागिरी जिल्ह्यात, १९८२ पूर्वीचं लातूर उस्मानाबादेत (आताचं धाराशिव). कागद मोडीत असेल तर स्वतः अंदाज बांधू नका, मोडी वाचक गाठा. मराठवाड्यात उर्दू जाणणारा शोधावा लागेल. गोव्यात आजोळ असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण पोर्तुगीज काळच्या जन्मनोंदीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं लिहायची पद्धत होती.

श्राद्धाची यादी आणि नामावळी

ज्या घरांत पितृपक्षात महालय होतो तिथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्यात मातामह म्हणजे आईचे वडील, त्यांचे वडील आणि आजोबा यांचाही उच्चार होतो. म्हणजे तुमच्या मामाने भटजींसाठी लिहून ठेवलेल्या चिठोऱ्यात तुमच्या आजीचे वडील, आजोबा, पणजोबा बसलेले आहेत. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, आजेपाडीला, आईच्या वडिलांचं श्राद्ध करणारा मावसभाऊ असेल तर त्यालाही विचारा.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या वह्या, असतात. रामकुंडावर जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं. इथे आपलं आडनाव सांगून उपयोग नाही, आजीच्या वडिलांचं सांगा. पानं पुरुषांच्या नावांनी भरलेली असतात, पण मध्येच आई, बायको, माहेरी आलेली मुलगी भेटते. दक्षिणा मनाने द्या, फोटोची परवानगी आधी घ्या.

निघताना उपाध्ये वही तुमच्याकडे सरकवतात आणि तुमचीही नावं लिहायला सांगतात. तिथे आईच्या नावापुढे तिचं लग्नाआधीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव लिहा. बायकोचंही लिहा. जागा थोडी असते, अक्षर बारीक काढा.