आधी वॉलेट पुसून पाहा

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि तिथे नाणी ठेवलेल्यांना ती काढताच येईनात. तेव्हापासून माझ्या ओळखीतले बरेच जण बिटकॉइन स्वतःच्या मोबाइल वॉलेटमध्ये घ्यायचं म्हणतात. जरूर घ्या, पण त्याआधी एक अख्खा रविवार तयारीला द्या.

सकाळी फोन अपडेट करा, स्क्रीनलॉक चार आकड्यांचा असेल तर मोठा करा. ॲप स्टोअरमध्ये नाव टाकून शोधू नका, तिथे हुबेहूब दिसणारी नकली ॲप्स सापडलेली आहेत. वॉलेटच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरून जा.

कुठलं वॉलेट निवडायचं? सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची किल्ली असलेले आणि ते परत उभं करून देणारे १२ किंवा २४ शब्द, तुमच्याच हातात देतं का, हे पहिलं बघा. देत नसेल तर किल्ली नेमकी कुणाकडे आहे ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, कोड खुला आहे का. ऑगस्ट २०२२ मध्ये स्लोप नावाचं मोबाइल वॉलेट वापरकर्त्यांची सीड फ्रेज आपल्या सर्व्हरवर साध्या अक्षरांत पाठवत असल्याचं उघड झालं, तोवर सोलाना या दुसऱ्या क्रिप्टोची हजारो खाती रिकामी झाली होती. खुला कोड म्हणजे हमी नव्हे, पण निदान बाहेरच्या माणसाला आत डोकावता येतं. स्टोअरमधलं ॲप त्याच कोडपासून बनलंय का, हे वॉलेटस्क्रूटिनी या संकेतस्थळावर तपासून मांडलेलं असतं. तुमच्या वॉलेटचं पान तिथे वाचा. डिझाइन, ऑफर, किती नाणी चालतात, याला मी फारसं महत्त्व देत नाही.

आता वही-पेन घ्या. शब्द हातानेच लिहा, क्रमांकासकट. स्क्रीनशॉट नको, स्वतःलाच व्हॉट्सॲप नको, ड्राइव्ह तर नकोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने उजेडात आणलेलं स्पार्ककॅट हे चोरटं सॉफ्टवेअर गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून असेच शब्द शोधत होतं, आणि ते अधिकृत स्टोअरमधल्या ॲप्समध्ये लपलेलं होतं. शब्द एका ठरावीक २०४८ शब्दांच्या इंग्रजी यादीतले असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो, तेव्हा निदान तेवढी अक्षरं सुटी, ठळक काढा. कोकणात राहत असाल तर नुसत्या कागदावर विसंबू नका. दोन पावसाळ्यांत शाई फुटते, बुरशी धरते. स्टीलच्या पट्टीवर स्वतः ठोकून ठेवा. कोरून आणायला दुकानात देऊ नका. शब्दांसोबत वॉलेटचं नाव आणि डेरिव्हेशन पाथ, म्हणजे ॲप या शब्दांतून तुमचे पत्ते कोणत्या वाटेने काढतं ती नोंद, हेही लिहा. शब्द बरोबर असूनही दुसऱ्या ॲपमध्ये शिल्लक शून्य दिसते, ती बऱ्याचदा पाथ वेगळा असल्यामुळे.

यानंतरची पायरी लोक हमखास गाळतात, आणि माझा सगळा आग्रह तिच्यासाठीच आहे. गेले तरी चालतील एवढेच पैसे घाला आणि ॲप काढून टाका. हो, पैसे आत असताना. मग कागद समोर ठेवून, आठवणीतून नव्हे, वॉलेट परत उभं करा आणि तेच पैसे बाहेर पाठवून दाखवा. एखादा शब्द चुकला असेल तर ॲप बहुतेक वेळा तिथेच अडवतं. शक्य असेल तर हेच शब्द दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्येही घालून बघा, म्हणजे उद्या पहिली कंपनी बंद पडली तरी वाट माहीत असेल. ही सीड आता दोन ठिकाणी गेली, तेव्हा ती सरावापुरतीच. खऱ्या रकमेसाठी नवी बनवा आणि निवडलेल्या ॲपमध्ये पुसण्याचा हा प्रयोग तिच्यावरही करा.

एक्स्चेंज सोडण्याआधी खरेदीचा सगळा हिशेब उतरवून घ्या. आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. ती किंमत दाखवायला कागद हवा. पाठवताना पत्ता कॉपी-पेस्ट केला तरी पूर्ण ताडून बघा, कारण क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारी ॲप्स असतात. आधी छोटी रक्कम पाठवा, ती पोचली की उरलेली.

आणि संध्याकाळी घरातल्या एका विश्वासू माणसाला ती पट्टी कुठे आहे आणि कशासाठी आहे, एवढं समोर बसवून सांगा.