नात्तो पहिल्यांदा खाताय? या चुका टाळा

जपानी हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला भात, मिसो सूप आणि शेजारी थर्माकोलची पांढरी डबी दिसली, तर तो बहुधा नात्तो. म्हणजे आंबवलेले सोयाबीन. वास उग्र, आणि चॉपस्टिक उचलली की कोळिष्टकासारख्या तारा.

भेंडीची तार मोडावी म्हणून आपण तिच्यात ताक नाहीतर आमसूल घालतो. इथे सगळं उलटं. तार जितकी जास्त, तितका नात्तो चांगला जमला. म्हणून डबीतली सॉसची पुडी लगेच ओतू नका. आधी ओतली तर सगळं पातळ होतं. तीसचाळीस वेळा नुसताच घोटा, पांढरट फेस आला की मग सॉस आणि थोडी मोहरी. घास घेतल्यावर लोंबणारी तार ओढत बसू नका. चॉपस्टिक हवेत गोल फिरवली की ती तुटते.

मग भातावर घाला, पण वरण-भातासारखा कालवू नका. वाटी हातात उचलून वरून थोडं थोडं खायचं. भात वाफाळता असेल तर वास आणखी उसळतो, तेव्हा नवख्यांनी तो जरा निवू द्यावा. तरीही धीर होत नसेल तर दुकानातून नात्तो-माकी घ्या. नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्यात, गुंडाळलेल्या भातात तो बराच सुसह्य वाटतो.

शाकाहारी मंडळी इथे हमखास फसतात. दाणे शाकाहारीच, पण पुडीतल्या सॉसमध्ये बहुतेक वेळा कात्सुओ माशाचा अर्क असतो, मिसो सूपमध्येही तेच. पुडी बाजूला ठेवून साधा सोया सॉस मागा.

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर एक घासही नको. नात्तोत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या औषधाचा परिणाम कमी करतं.

डबी संपली नाही तर ओशाळू नका. ओसाका-क्योतोकडच्या कित्येक जपान्यांनाही तो आवडत नाही. त्याचं खरं कौतुक पूर्वेकडे, इबाराकी प्रांतातल्या मितो शहरात.

आणि त्या दिवशी साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, भट्टी पाहायला जायचं असेल, तर सकाळी नात्तोला हातच लावू नका. त्यातले जिवाणू फार चिवट असतात, साकेसाठी वाढवलेली कोजी बुरशी ते बिघडवू शकतात. म्हणून नात्तो खाऊन आलेल्या पाहुण्यांना कित्येक भट्ट्या आत घेत नाहीत.