दातांसाठी साखरेचा पर्याय कसा निवडावा

साखरेला पर्याय शोधणारा माणूस बहुधा मधुमेहामुळे किंवा वजनामुळे त्याकडे वळलेला असतो. दातांची कीड टाळणे हा हेतू असेल, तर मात्र निवडीचे निकष बदलतात. अशा वेळी साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हे आधी पाहावे लागते.

दातांवरच्या चिकट थरातील जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू (आम्लता मोजण्याचे माप, pH; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात, आणि लाळेला ही आम्लता निवळायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. जेवणासोबत खाल्लेली श्रीखंडाची वाटी हा त्रास एकदाच देते. तेवढीच साखर दिवसभरात पाच-सहा कप चहातून आणि बरोबरच्या बिस्किटांतून घेतली, तर लाळेला झीज भरून काढायला उसंतच मिळत नाही.

म्हणून सुरुवात खरेदीपासून नव्हे, तर नोंदीपासून करावी. दोन-तीन दिवस गोड पदार्थ केव्हा केव्हा तोंडात गेला ते लिहून ठेवावे आणि त्यात चहा-बिस्किटांबरोबरच खोकल्याची गोळी, साखर लावलेली बडीशेप, गोड सुपारी आणि मुलांची औषधाची सिरपेही धरावीत. त्यांपैकी दोन जेवणांच्या मधल्या नोंदींवर खूण करावी, कारण पर्याय वापरायची खरी जागा तीच आहे. सणावाराची पुरणपोळी जेवणातच खाल्ली जाते. तिच्यात कृत्रिम गोडी घालण्याचा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. गूळ, मध आणि खडीसाखर यांना मात्र पर्याय समजू नये. जिवाणूंना ती साखरेइतकीच मानवतात.

बाजारात मिळणारे पर्याय मुख्यतः दोन प्रकारचे असतात. अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया आणि सॅकरिन हे साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने अत्यल्प लागतात आणि त्यांच्यापासून जिवाणू आम्ल बनवू शकत नाहीत. झायलिटॉल, एरिथ्रिटॉल, सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल ही शर्करा-अल्कोहोले आहेत. त्यांपैकी सॉर्बिटॉल जिवाणू अगदी संथपणे आंबवतात, तर झायलिटॉल त्यांना आंबवता येत नाही. झायलिटॉलची कीर्ती फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांमुळे पसरली. साखरेऐवजी ते खाणाऱ्यांच्या दातांत कीड लक्षणीयरीत्या कमी आढळली होती. तरी २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने) झायलिटॉलच्या बहुतेक उत्पादनांबाबतचा पुरावा अपुरा ठरवला. तेव्हा त्याला औषध न मानता साखर हटवणारा पदार्थ मानणे योग्य.

खरी फसगत वेष्टनावर होते. पुडीतल्या गोड पावडरीत स्वीटनर चिमूटभर असतो, आणि बाकीचा भर पुष्कळदा डेक्स्ट्रोज, लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यांचा असतो. हे तिन्ही जिवाणूंना आंबवता येतात. एका पुडीने विशेष बिघडत नाही, पण दातांसाठीच बदल करत असाल, तर भर कशाची आहे ते पाहावे. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली दोन-तीन नावे पुरतात. नावांऐवजी क्रमांक असतील, तर ९६७ म्हणजे झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल, ४२० सॉर्बिटॉल, ९५१ अ‍ॅस्पार्टेम आणि ९५५ सुक्रालोज. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ या शब्दांवर विसंबू नये, कारण फळांच्या रसातील मूळची साखर त्यात राहतेच.

चहात अ‍ॅस्पार्टेम घालायचे असेल, तर चहा गाळल्यानंतर घालावे. उकळत ठेवल्यास त्याची गोडी उतरते. घराबाहेर असताना खाल्ल्यानंतर साखरविरहित च्युइंगगम साधारण वीस मिनिटे चघळल्यास लाळ वाढते आणि आम्लता लवकर निवळते. डाएट शीतपेये किंवा आंबट साखरविरहित गोळ्या हा मात्र चांगला बदल नव्हे. त्यांतील फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल जिवाणूंच्या मदतीशिवायही एनॅमल झिजवते.

शर्करा-अल्कोहोले एकदम जास्त खाल्ल्यास पोट फुगते आणि जुलाब होतात, म्हणून प्रमाण हळूहळू वाढवावे. फिनिलकीटोन्युरिया (अ‍ॅस्पार्टेममध्ये असणारे फिनिलअ‍ॅलनिन शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात विकार) असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असा सल्ला दिला. शर्करा-अल्कोहोले त्या सल्ल्यात येत नाहीत, पण गोडाची चवच हळूहळू कमी करणे हा मार्ग त्याहून बरा, हे खरेच आहे.

यांपैकी कोणताही पर्याय फ्लोराइडयुक्त टूथपेस्टची जागा घेत नाही. ती दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता वापरावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पुरते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत मुलांसाठी टूथपेस्ट दंतवैद्यांना विचारून ठरवावी. आणि घरात कुत्रा असेल, तर झायलिटॉलचे गम व पावडर त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवावी. थोड्याशा झायलिटॉलनेही कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते.