स्कॅनमध्ये किडनी-आतड्याचं काहीतरी निघालं? या चुका टाळा

पित्ताशयातले खडे बघायला आईचा सीटी काढला, आणि रिपोर्टमध्ये भलतंच निघालं: उजव्या किडनीत २२ मिलिमीटरची सिस्ट, मोठ्या आतड्यात डायव्हर्टिक्युला (भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या). कर्वे रोडवरून रिक्षा कोथरूडला पोचेपर्यंत मामाने "गाठ निघाली" असं दोघातिघांना कळवलंही होतं.

सिस्टला गाठ म्हणणं ही पहिली चूक. साधी सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पातळ पिशवी. पन्नाशीनंतर ती कितीतरी जणांच्या किडनीत असते आणि तिला काहीच करावं लागत नाही. मिलिमीटर मोजत बसू नका. आत काय आहे ते महत्त्वाचं. पडदे, जाड भिंत, कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर उजळणारा भाग असं काही असलं, तर रिपोर्टमध्ये 'बॉस्नियाक' शब्द दिसेल. डॉ. मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये ही वर्गवारी मांडली. १ आणि २ असेल तर निर्धास्त राहा. '२ एफ' म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन. ३ किंवा ४ असेल तर युरॉलॉजिस्टला लवकर भेटा.

दुसरी चूक आमच्याच घरातली. आईची जुनी सोनोग्राफी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. तीच सिस्ट आधीही तेवढीच होती हे दिसलं असतं, तर डॉक्टरांचं आणि आमचंही निम्मं काम झालं असतं. जुने रिपोर्ट जपा, अगदी पिवळे पडलेलेसुद्धा.

सोनोग्राफीत 'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस', म्हणजे लघवी साठून किडनी थोडी फुगलेली, असं आलं तर विचारा, लघवी करून आल्यावर पुन्हा पाहिलं का? मूत्राशय तुडुंब असताना किडनी थोडी फुगलेली दिसू शकते.

आतड्याच्या बाबतीत शेवटची अक्षरं नीट वाचा. 'डायव्हर्टिक्युलोसिस' म्हणजे आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या, बहुतेकांना त्रास न देणाऱ्या. 'डायव्हर्टिक्युलायटिस' म्हणजे त्यांना आलेली सूज. तिथे उपचार लागतात. 'वॉल थिकनिंग', म्हणजे आतड्याची भिंत जाड दिसणं, मात्र दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. रिकामं, आकसलेलं आतडंही जाड दिसतं हे खरं, पण कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) हवी की नको हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

'किडनी साफ करणारे' काढे तर मुळीच सुरू करू नका.

आणि लघवीतून किंवा शौचातून रक्त, तापासोबत कुशीत दुखणं, अकारण वजन घटणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट पाहू नका.