महाविद्यालय खटला हरल्यावर हिशेब कसा मागावा: ओबरलिनच्या निमित्ताने

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबरलिन महाविद्यालयाने 2022 साली गावातल्याच एका बेकरीला 3 कोटी 65 लाख 90 हजार डॉलर मोजले. नोव्हेंबर 2016 मध्ये 1885 पासून चालत आलेल्या गिब्सन्स बेकरीत एका विद्यार्थ्याने चोरीचा प्रयत्न केला, झटापट झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान वंशद्वेषी असल्याचे सांगत विद्यार्थ्यांनी निदर्शने सुरू केली. या झटापटीत अटक झालेल्या तीन विद्यार्थ्यांनी पुढे गुन्हा कबूल केला आणि घटनेमागे वंशद्वेष नसल्याचेही न्यायालयात सांगितले. त्यानंतर नोव्हेंबर 2017 मध्ये बेकरीने महाविद्यालयावरच बदनामीचा दावा लावला. अशा निकालानंतर माजी विद्यार्थी, पालक, प्राध्यापक किंवा नव्याने नेमलेले विश्वस्त म्हणून आपण संस्थेला नेमके काय विचारावे, ते या प्रकरणाच्या आधारे पाहू.

सर्वप्रथम रक्कम फोडून मागावी, कारण एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही. जून 2019 मध्ये ज्यूरीने प्रत्यक्ष नुकसानीपोटी सुमारे 1 कोटी 12 लाख डॉलर आणि दंडात्मक भरपाई म्हणून 3 कोटी 32 लाख डॉलर ठरवले. ओहायोच्या कायद्यात भरपाईला कमाल मर्यादा आहे. तिच्यामुळे न्यायाधीशांनी एकूण रक्कम अडीच कोटींवर आणली आणि प्रतिपक्षाच्या वकिलांच्या खर्चापोटी सुमारे 65 लाखांची भर घातली. अपील न्यायालयाने मार्च 2022 मध्ये निकाल कायम केला, ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि प्रत्यक्ष देण्याची वेळ आली तेव्हा सुमारे सव्वातीन कोटींच्या आतली ही रक्कम साडेतीन कोटींच्या वर गेली होती. वरची वाढ मुख्यतः व्याजाची. म्हणून विचारावे: अपील लढवण्याचा ठराव कोणी मांडला, आणि हरलो तर व्याज किती चढेल हा आकडा त्या दिवशी मंडळापुढे होता का?

हे तुकडे हाती आल्याखेरीज विम्याचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण विमा प्रत्येक तुकड्याला वेगळा लागू होतो. 'आपला विमा आहे' हे उत्तर ऐकून कोणी समाधान मानू नये. बचावाचा खर्च उचलण्याची जबाबदारी वेगळी आणि निकालाची रक्कम भरण्याची वेगळी. पहिली स्वीकारणारी कंपनी दुसरी नाकारू शकते, आणि बहुधा त्यासाठीच ती सुरुवातीला 'आमचे हक्क राखून बचाव करत आहोत' असे पत्र देते. दंडात्मक भरपाईचा भार विम्यावर टाकणे ओहायोत सामान्यतः मान्य नाही. शिक्षा ज्याची त्यानेच भोगावी हा त्यामागचा विचार. उरलेल्या रकमेतही पॉलिसीतले अपवाद आडवे येतात. बदनामीचे संरक्षण असले तरी खोटे आहे हे ठाऊक असून केलेले विधान आणि हेतुपुरस्सर केलेली हानी बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते.

ओबरलिनमध्ये हा धोका निकालाआधीच दिसू लागला होता. लेक्सिंग्टन ही विमा कंपनी 2019 मध्ये खटल्यात सामील होऊ पाहत होती. भरपाई कोणत्या कृत्यासाठी हे ज्यूरीकडून स्पष्ट करून घेतले, तर आपल्यावर किती येते हे ठरवता येईल असा तिचा हिशेब होता. आपलीच विमा कंपनी असा अर्ज करते, तेव्हा विश्वस्तांनी तडजोडीचा आकडा त्याच आठवड्यात पुन्हा टेबलावर घ्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे 2023 मध्ये महाविद्यालयाला आपल्याच विमा कंपन्यांविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

त्यामुळे मंडळाकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात: घटना ज्या काळात घडली त्या काळातल्या सर्व पॉलिसींची यादी (मूळ पॉलिसीपासून, तिची मर्यादा संपल्यावर लागू होणाऱ्या वरच्या थरांपर्यंत), संस्थेने स्वतः सोसायचा पहिला हिस्सा, प्रत्येक कंपनीला घटनेची सूचना दिल्याची तारीख, आणि हक्क राखल्याचे पत्र कधी आले व कोणी वाचले. सर्वात जास्त लक्ष तिसऱ्या मागणीवर द्यावे. वरच्या थरातल्या कंपनीला उशिरा कळवल्यामुळे दावा अडकणे ही कारकुनी वाटणारी, पण फार महागात पडणारी चूक असते.

संस्था बोलत नसेल, तरी कागद बोलतात. अमेरिकेतील खासगी ना-नफा महाविद्यालयाला दरवर्षी करखात्याकडे फॉर्म 990 भरावा लागतो आणि मागेल त्याला शेवटच्या तीन वर्षांचे फॉर्म दाखवावे लागतात. त्याच्या नवव्या भागात ओळ 11b पाहावी. तिथे वकिलांचा खर्च असतो. विमा कंपनीने वकिलांना थेट दिलेले पैसे मात्र त्या ओळीत दिसतीलच असे नाही. सोबत लेखापरीक्षित ताळेबंदाच्या टिपांमधली संभाव्य देण्यांची टीप वाचावी. पैसे 2022 मध्ये दिले म्हणून खर्च त्याच वर्षी नोंदलेला असेल असे समजू नये. देणे लागणे संभाव्य आणि रकमेचा अंदाज बांधण्याजोगा झाला की तरतूद आधीच करावी लागते. ज्यांची मुले तिकडे शिकतात अशा मराठी पालकांना हे फॉर्म घरबसल्या मिळू शकतात, आणि शुल्कवाढीच्या पत्रापेक्षा ते कितीतरी अधिक सांगतात.

उत्तरदायित्वाचा प्रश्न विम्यापासून वेगळा ठेवावा. विमा कंपनीने सगळे पैसे भरले असते, तरीही तो उरलाच असता. न्यायालयाने निदर्शकांच्या घोषणांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मान्य केले. महाविद्यालयाला भोवले ते वाटलेले पत्रक आणि विद्यार्थी सभेचा ठराव, ज्यांतली विधाने वस्तुस्थिती म्हणून केलेली होती. विद्यार्थी अधिष्ठात्या निदर्शनांच्या जागी हजर होत्या, त्यांनी पत्रक दिल्याची साक्ष झाली, आणि तो ठराव वाइल्डर हॉल या विद्यार्थी केंद्रातल्या काचेच्या पेटीत वर्षभर तसाच लावलेला राहिला. त्या पेटीची किल्ली कोणाकडे होती, असे अगदी साधे विचारावे. बेकरीकडून होणारी खरेदी थांबवण्याचा आणि नंतर पुन्हा सुरू करण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, तिचे इतिवृत्त आहे का, हेही विचारावे. शिवाय दंडात्मक भरपाईची सुनावणी बाकी असतानाच ज्यूरीच्या निर्णयावर नाराजी दाखवणारा ईमेल माजी विद्यार्थ्यांना गेला. तो पाठवण्यास बाहेरच्या वकिलांची संमती होती का?

एकाच अधिकाऱ्याच्या राजीनाम्यावर समाधान मानू नये. राजीनामा घेणे सोपे असते आणि त्याने प्रक्रिया तशीच राहते. चौकशी करणारा वकील खटला लढवलेल्या कंपनीतला नसावा, आणि त्याचा अहवाल महाविद्यालयाच्या अध्यक्षांकडे न जाता थेट विश्वस्तांच्या लेखापरीक्षण समितीकडे जावा.

मागणीचे पत्र दोन पानांपेक्षा मोठे करू नये. 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असे उत्तर आले, तर वकिलांच्या सल्ल्यांची मागणी सोडून द्यावी आणि फक्त तारखा, रकमा व ठरावांचे क्रमांक मागावेत. पत्राची प्रत लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना द्यावी, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत लिहावी, आणि ती मुदत विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीआधी संपेल अशा बेताने पत्र पाठवावे.